पॅरिसमधील मधुचंद्राची छायाचित्रे : कायदा काय सांगतो?

विवाहानंतर मधुचंद्रासाठी युरोपात जाणाऱ्या अनेक भारतीय दांपत्यांच्या प्रवासात पॅरिस शहराचा समावेश असतो. या शहरातील सीन नदीच्या काठांना १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तेथे टिपलेली छायाचित्रे आप्तेष्टांपर्यंत पोहोचवण्यास आता काही क्षण पुरतात. मात्र, 'रात्रीच्या वेळी आयफेल टॉवरचे छायाचित्र काढणे हा फ्रान्समध्ये गुन्हा आहे', असा समज प्रचलित असल्याने पर्यटकांच्या मनात शंका निर्माण होते. वस्तुस्थिती काहीशी निराळी आहे.

मनोरा खुला, रोषणाई संरक्षित

आयफेल टॉवर १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारण्यात आला. फ्रान्समध्ये कलाकृतीवरील स्वामित्वहक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. गुस्ताव्ह आयफेल यांचे निधन १९२३ मध्ये झाल्यामुळे या वास्तूवर आता असा हक्क उरलेला नाही. दिवसा घेतलेले तिचे छायाचित्र कोणीही, कोणत्याही कारणासाठी वापरू शकतो.

रात्रीची रोषणाई मात्र स्वतंत्र कलाकृती मानली जाते. प्रकाशयोजनाकार पिएर बिदो यांनी रचलेली सोनेरी प्रकाशयोजना १९८५ च्या अखेरीस कार्यान्वित झाली. मनोऱ्याच्या शताब्दीनिमित्त झालेल्या रोषणाईसंबंधीच्या खटल्यात फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये प्रकाशरचनेला मौलिक निर्मितीचा दर्जा दिला. त्यामुळे रात्रीच्या छायाचित्राचा व्यावसायिक वापर करायचा झाल्यास मनोऱ्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या संस्थेची पूर्वानुमती घ्यावी लागते. पर्यटकाने स्वतःसाठी छायाचित्र काढणे किंवा ते समाजमाध्यमांवर आप्तमित्रांना दाखवणे यासाठी अनुमतीची गरज नाही, असे या संस्थेनेच स्पष्ट केले आहे.

आधुनिक वास्तूंचे काय?

लूव्र संग्रहालयासमोरील काचेचा पिरॅमिड १९८९ मध्ये जनतेसाठी खुला झाला. त्याचे वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांचे निधन २०१९ मध्ये झाले असल्याने ती वास्तू अद्याप स्वामित्वहक्काच्या कक्षेत आहे. तथापि, फ्रान्सने २०१६ मध्ये केलेल्या कायद्यानुसार सार्वजनिक मार्गांवर कायमस्वरूपी असलेल्या वास्तू व शिल्पांची छायाचित्रे खाजगी व्यक्तींना प्रसिद्ध करता येतात. व्यावसायिक वापर या सवलतीतून वगळण्यात आला आहे. भारतातील १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा याबाबतीत अधिक उदार असून वास्तूंच्या छायाचित्रांना तो अशी अट घालत नाही. त्यामुळे मायदेशातील अनुभवावरून फ्रान्समधील नियमांविषयी अंदाज बांधणे योग्य ठरत नाही.

घरगुती छायाचित्र व्यावसायिक केव्हा होते?

खरा प्रश्न येथेच उद्भवतो. एखाद्या प्रवासी कंपनीने दांपत्याचे रात्रीचे छायाचित्र जाहिरातीसाठी मागितले, किंवा मोबदला घेऊन एखाद्या वस्तूच्या प्रचारार्थ ते प्रसिद्ध करण्यात आले, तर तो खाजगी वापर राहत नाही. छायाचित्र तेच असते. उद्देश बदलल्याने नियमही बदलतो.

पॅरिसमध्ये व्यावसायिक छायाचित्रकाराकडून मधुचंद्राची छायाचित्रे काढून घेणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. भारतीय कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेणारी व्यक्तीच त्याची पहिली स्वामी ठरते. फ्रान्समध्ये मात्र पैसे दिले तरी हक्क छायाचित्रकाराकडेच राहतात आणि ते हस्तांतरित करण्यासाठी लेखी करार लागतो. दुसरीकडे, दांपत्याच्या संमतीशिवाय त्यांची छायाचित्रे स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरण्याचा अधिकार छायाचित्रकारालाही नाही. म्हणून छायाचित्रे कोण, कोठे आणि किती काळ वापरणार, हे आधीच लेखी ठरवून घेणे हिताचे ठरते.

इतरांचे खाजगी जीवन

फ्रान्सच्या नागरी संहितेतील कलम ९ प्रत्येकाला खाजगी जीवनाच्या आदराचा हक्क देते. छायाचित्रात ओघाने आलेल्या गर्दीबद्दल सहसा आक्षेप घेतला जात नाही. परंतु एखादी अनोळखी व्यक्तीच छायाचित्राचा मुख्य विषय असेल, तर ते प्रसिद्ध करण्यापूर्वी तिची संमती घेणे आवश्यक असते.

हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही. रंगीत घरांसाठी प्रसिद्ध असलेल्या पॅरिसमधील क्रेमिय या गल्लीतील रहिवाशांनी छायाचित्रांसाठी होणाऱ्या गर्दीला कंटाळून २०१९ मध्ये ठराविक वेळी गल्लीत प्रवेश बंद ठेवण्याची मागणी केली होती. पर्यटकाला सुंदर पार्श्वभूमी वाटणारा दरवाजा हा कोणाच्या तरी घराचा उंबरठा असतो. याशिवाय, पॅरिसमध्ये विनापरवाना ड्रोन उडवून चित्रीकरण करण्यास मनाई आहे.

थोडक्यात, उजळलेल्या आयफेल टॉवरसमोरचे आपले छायाचित्र आप्तेष्टांना दाखवण्यास नवदांपत्याने कचरण्याचे कारण नाही. त्या छायाचित्रातून कोणी अर्थार्जन करू पाहत असेल, किंवा त्यात दुसऱ्याचा चेहरा अथवा घर ठळकपणे येत असेल, तर मात्र आधी विचारून घेणे उचित होय.