सहलीचा आरंभ

डिसेंबर महिना सरत आला, की पहाटे अंगणात शेकोट्या पेटू लागतात आणि शाळेला नाताळची सुट्टी लागते. ही सुट्टी उन्हाळ्याच्या सुट्टीसारखी ऐसपैस नसते आणि दिवाळीच्या सुट्टीसारखी फराळाने व पाहुण्यांनी गजबजलेलीही नसते. ती थोड्याच दिवसांची असते. परंतु ज्या काळात ती येते, तो काळ महाराष्ट्रात फार प्रसन्न असतो. पावसाचा चिखल वाळलेला असतो, उन्हाचा ताप अजून दूर असतो. आकाश निरभ्र असते, नद्यांचे पाणी निवळलेले असते आणि शिवारात ज्वारी, गहू व हरभरा डोलत असतो. घराबाहेर पडावे असे वाटायला लावणारे हे दिवस आहेत.

म्हणूनच सुट्टी लागताच घरोघर एक प्रश्न निघतो : यंदा जायचे कोठे? काही कुटुंबे समुद्रकाठी जातात, काही गडावर जातात, काही लेणी पाहण्यास जातात. परंतु सर्वांनाच हे साधते असे नाही. कोणाच्या वडिलांना रजा मिळत नाही, कोणाच्या घरी आजी अंथरुणाला खिळलेली असते, तर कोठे प्रवासखर्चाचा मेळ बसत नाही. अशा घरातील मूल मनातल्या मनात खट्टू होते. आपली सुट्टी फुकट गेली, असे त्याला वाटते. हे वाटणे कितपत खरे आहे?

या बाबतीत मला माझ्याच हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. मी मुख्याध्यापक असताना मराठीचे तासही घेत असे. सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात ‘माझी सहल’ या विषयावर निबंध लिहावयास सांगण्याचा माझा परिपाठ होता. एका वर्षी सहावीच्या वर्गातील एका मुलाची वही कोरी आली. मी लाल शाईने शेरा मारला : ‘आळस सोडावा.’ दोन दिवस तो मुलगा वर्गात मान खाली घालून बसला. शेवटी मी त्याला जवळ बोलावून कारण विचारले. तो हळूच म्हणाला, “गुरुजी, आम्ही कुठंच गेलो नाही. बाबांबरोबर रानात ज्वारीच्या राखणीला होतो.”

“रात्रीसुद्धा?” मी विचारले.

“होय गुरुजी. रानडुकरं येतात. तिकांडं माथ्यावर आलं, की अर्धी रात झाली असं बाबा म्हणत. मग थोडा वेळ मी जागायचो आणि बाबा पाठ टेकायचे.”

मग त्याने पुष्कळ सांगितले. पहाटे कणसांवर कोणते पाखरू आधी बसते, गोफणीचा दगड कोठे टाकला म्हणजे पाखरे उठतात पण पिकाला लागत नाही, दव पडले की माळ्यावर घोंगडी कशी पांघरावी, हे सारे तो सांगत होता. तास संपल्याची घंटा झाली तरी मी ऐकतच होतो. वर्गातील कोणत्याही मुलाने त्या सुट्टीत एवढे पाहिले नव्हते. मी वहीतील शेरा खोडला. पण दोन दिवस त्या मुलाने खाली घातलेली मान मला खोडता आली नाही. पुढील वर्षापासून मी निबंधाचा विषय बदलला. तो असा : ‘सुट्टीत मी घरच्यांबरोबर काय पाहिले?’

सहल म्हणजे काय, याचे उत्तर या बदललेल्या विषयातच आहे. आपल्या माणसांबरोबर एखादी गोष्ट सावकाश पाहणे आणि तिच्याविषयी त्यांच्याशी बोलणे, म्हणजे सहल. अंतराचा यात संबंध नाही. तेव्हा सहलीचा आरंभ आपण आपल्या उंबरठ्यापासून करू आणि मग हळूहळू दूर जाऊ.

पहिली सहल दुपारच्या उन्हातली आहे. २१ किंवा २२ डिसेंबर हा आपल्याकडे वर्षातील सर्वांत लहान दिवस होय. या सुमारास सूर्य आकाशात दक्षिणेकडे अधिकात अधिक कललेला असतो, त्यामुळे माध्यान्हीची सावली वर्षातील सर्वांत लांब असते. अंगणात किंवा गच्चीवर बरोबर एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करावी. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सावली आखूड होत जाईल आणि पुन्हा वाढू लागेल. त्यांतील सर्वांत आखूड सावली मोजावी. पुण्यास ही सावली साडेबाराच्या सुमारास सुमारे ९० सेंटीमीटर भरते.

आता तुमचे मामा नागपुरास राहत असतील आणि आत्या कोल्हापुरास असेल, तर त्यांच्या मुलांनाही दूरध्वनी करून हाच प्रयोग त्याच दिवशी करावयास सांगा. कोल्हापूरची सावली सुमारे ८४ सेंटीमीटर भरेल. नागपूरची ९८ ते ९९ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच भरेल. शिवाय नागपूरची आखूड सावली पुण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी पडलेली आढळेल. असे का व्हावे? नागपूर पुण्याच्या उत्तरेस आहे, म्हणून तेथे सूर्य अधिक कललेला दिसतो. ते पूर्वेसही आहे, म्हणून तेथे माध्यान्ह आधी होते. पृथ्वी सपाट असती, तर इतक्या दूरच्या सूर्याने सर्व गावी सारखीच सावली पाडली असती. सावल्यांतील हा फरक पृथ्वीच्या गोलाईमुळे पडतो. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी इजिप्त देशात इराटोस्थेनीस नावाच्या विद्वानाने दोन गावांतील माध्यान्हीच्या सूर्याच्या अशाच फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला होता. तीन गावांतील तीन भावंडांनी एका काठीच्या साह्याने तोच मार्ग चालून पाहावा, ही काही लहानसहान सहल नव्हे.

दुसरी सहल त्याच अंगणातली, पण रात्रीची आहे. नऊच्या सुमारास घरातील दिवे मालवून सर्वांनी बाहेर यावे. आजीआजोबांसाठी खुर्ची आणि शाल आठवणीने न्यावी. पूर्वेकडे तोंड केले, की चार ठळक ताऱ्यांच्या चौकटीत एका ओळीत असलेले तीन तारे दिसतील. हे मृग नक्षत्र. मधल्या तीन ताऱ्यांना खेड्यात तिकांडे म्हणतात. आपल्या पुराणकथेप्रमाणे तो हरणाच्या अंगात रुतलेला बाण आहे. त्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली, की अतिशय तेजस्वी असा व्याध दिसतो. हाच तो बाण मारणारा शिकारी आणि हाच रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेघ वर वाढवली, की तांबूस रोहिणी भेटते आणि तिच्याही पलीकडे, जवळजवळ डोक्यावर, कृत्तिकांचा लहानसा पुंजका दिसतो. त्यात तुम्हांला किती तारे मोजता येतात आणि आजोबांना किती, ते पाहावे. डिसेंबरच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास तिकांडे माथ्याजवळ येते. त्या मुलाच्या वडिलांचे घड्याळ किती बिनचूक होते, हे तुमच्या ध्यानात येईल.

येथे आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास वर्षानुवर्षे लागतात. व्याधाकडून निघालेला प्रकाश येथे येण्यास साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. आज तुम्ही बारा वर्षांचे असाल, तर तुम्ही बोबडे बोलत होता तेव्हा तो तेथून निघाला. रोहिणीच्या प्रकाशाला सुमारे ६५ वर्षे लागतात. म्हणजे तुमच्या अंगणात आज उतरलेला रोहिणीचा किरण निघाला, तेव्हा तुमचे आजोबाच शाळेत जात असतील. त्यांना विचारा, तेव्हा गावात दिवे होते का? शाळा किती दूर होती? थंडीत अंगावर काय घालीत? तारे पाहण्यास काही खर्च पडत नाही, आणि अशा प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत.

तिसरी सहल गावाच्या शिवेपर्यंतची. पावसाळा ओसरताना काळ्या जमिनीत पेरलेली रब्बीची ज्वारी मुरलेल्या ओलीवर वाढते. डिसेंबर-जानेवारीत तिची कणसे भरतात. दाणा पुरता भरलेला, पण अजून हिरवा आणि मऊ असतो, त्या थोड्या दिवसांत हुरडा होतो. त्यापूर्वी दाण्यात नुसते दूध असते आणि नंतर तो कठीण होतो. शेतात लहानसा खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवतात, निखाऱ्यांत कणसे भाजतात आणि गरम असतानाच तळहातांवर चोळून दाणे मोकळे करतात. त्याच्याबरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी आणि गुळाचा खडा असला, की दुसरे पक्वान्न नको. हुरडा आयता ताटात घेऊन खाण्यापेक्षा आगटीभोवती बसून खाण्यात गोडी अधिक. कारण कोणी भाजतो, कोणी चोळतो, कोणी वाटतो आणि हात गुंतलेले असले की माणसे मोकळेपणाने बोलतात. तुम्ही शहरात राहत असाल आणि गावी कोणी आप्त असेल, तर एक दिवस तेथे अवश्य जावे. मात्र ज्याच्या शेतात जाल, त्याच्या कामात थोडा हात लावावा. भाकरी कोठून येते, ते हातांना कळले म्हणजे ताटात उष्टे टाकवत नाही.

शिवारातून परत येताना एखादे तळे किंवा बंधारा लागेल. तेथे शेपटी सतत वरखाली हलवीत काठाने तुरुतुरु चालणारा धोबी पक्षी दिसला, तर थांबावे. त्याच्या काही जाती हिवाळ्यापुरत्याच उत्तरेकडून आपल्याकडे येतात. उत्तरेत बर्फ पडले, की कीटक व पाणवनस्पती दुर्मीळ होतात आणि हे पाहुणे दक्षिणेची वाट धरतात. ज्यांना थोडे दूर जाणे शक्य आहे, त्यांनी पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवणजवळ उजनी जलाशयाच्या काठी जावे. तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात; हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही दिसतात. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे. २०२० साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. हा मान मिळवणारे ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय. अशा ठिकाणी सकाळी लवकर जावे, भडक कपडे घालू नयेत आणि आवाज करू नये. पाहुण्यांच्या घरी आपण जसे वागतो, तसेच तेथे वागावे.

चौथी सहल दिवसभराची. अशा सहलीसाठी स्थळे पुष्कळ आहेत. उदाहरणादाखल एकच घेऊ. जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांवरून येणारा माल या घाटाने देशावर येत असे. घाटाच्या माथ्याशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. जवळच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतील दीर्घ लेख आहे. त्यात सातवाहन राणी नागनिका हिच्या काळातील यज्ञांची आणि दिलेल्या दानांची नोंद आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असून त्यात दानांचे आकडेही कोरलेले आहेत. तेथे उभे राहिल्यावर धाकट्या भावंडांना सांगा, की तुमच्या वहीतील अंकांचे हे फार जुने पूर्वज आहेत. मग त्यांतील एकही अक्षर न वाचता आले तरी तो दगड मुका राहणार नाही. मात्र त्याला हात लावू नये आणि आपले नाव तर मुळीच कोरू नये. दोन हजार वर्षे टिकलेला लेख आपल्या एका खिळ्याने बिघडू शकतो.

अशा सहलीची तयारी आदल्या दिवशी सर्वांनी मिळून करावी. त्या स्थळाची माहिती मुलांनी वाचून दाखवावी, शिदोरी आईने एकटीने न बांधता सर्वांनी बांधावी, आणि घरातील सर्वांत थकलेले माणूस जेवढे चालू शकेल तेवढाच बेत आखावा. परतल्यावर त्याच रात्री प्रत्येकाने वहीत चार ओळी लिहाव्यात. आजीला लिहिणे होत नसेल, तर तिने सांगावे आणि नातवाने लिहावे. पुढे आजी नसेल, तेव्हा त्या चार ओळींचे मोल कळेल.

सुट्टी संपून तुम्ही शाळेत याल, तेव्हा कोणी विचारील, “कोठे गेला होतास?” एखादा समुद्राचे नाव सांगेल, एखादा गडाचे. ज्याला अंगणापलीकडे जाता आले नसेल, त्यानेही मान वर करून सांगावे, की मी आजोबांबरोबर रोहिणी पाहिली आणि आगटीभोवती बसून हुरडा खाल्ला. आणि जो समुद्र पाहून आला असेल, त्याने त्याचे म्हणणे लक्ष देऊन ऐकावे. जे ऐकावयास मी दोन दिवस उशीर केला, ते तुम्ही पहिल्याच दिवशी ऐका.