जुन्या तळ्यात नवे मत्स्यबीज सोडताना

परभणी जिल्ह्यातील गावतळी व शेततळी पावसाने भरली की मत्स्यबीज सोडण्याचे दिवस येतात. कोरड्या पडून नव्याने भरलेल्या तळ्यापेक्षा, पूर्वीपासून मासे असलेल्या तळ्यात बीज सोडताना अधिक काळजी घ्यावी लागते. तेथे नव्या बीजापुढे तीन संकटे असतात : शिकारी मासे, पाण्यातील आकस्मिक बदल आणि रोग. त्यांचा विचार न केल्यास बीजाचा खर्च अक्षरशः पाण्यात जातो.

शिकारी मासे : ओढ्याच्या किंवा कालव्याच्या पाण्याबरोबर मरळ, शिंगाळा, वाम यांसारखे मासे तळ्यात शिरतात. मरळ हवेतील प्राणवायू घेऊ शकते; म्हणून आटलेल्या तळ्याच्या चिखलातही ती तग धरते. असे मासे नखाएवढे बीज सहज फस्त करतात. यास्तव प्रथम वारंवार जाळे ओढून ते काढावेत व जुने मासे असलेल्या तळ्यात जिरे न सोडता किमान ८० ते १०० मिलिमीटर लांबीची बोटुकलीच सोडावी. परदेशी मांगूर मात्र कदापि आणू नये. तो इतर मासे खातो व त्याच्या पालनास बंदी आहे.

जाळे ओढताना तळ्यात कोणते मासे किती आहेत, हेही कळते. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी अन्न शोधतो. ज्या थरातील मासे कमी असतील, त्याच जातीचे बीज अधिक घ्यावे. जुने मासे वजा न करता पूर्ण संख्येने बीज सोडल्यास अन्न व प्राणवायू दोन्ही अपुरे पडतात आणि कोणताच मासा पोसत नाही.

पाण्यातील बदल : पिशवीतील पाण्यात प्रवासात कर्बवायू साठतो व त्याचे तापमानही तळ्याहून निराळे असते. याकरिता पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी. नंतर तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घालावे आणि पिशवी कलती करून बोटुकली आपण होऊन बाहेर पडू द्यावी. रात्रभर वनस्पती व मासे प्राणवायू वापरतात; त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. म्हणून सूर्य वर आल्यावर सकाळच्या गारव्यात किंवा ऊन उतरल्यावर सायंकाळी बीज सोडावे. भर दुपार टाळावी.

रोग : अंगावर डाग, जखमा किंवा सडलेले पर असलेले बीज घेऊ नये. एका रोगी पिशवीमुळे जुने, विक्रीस आलेले मासेही धोक्यात येतात. दर लिटर पाण्यास ३० ग्रॅम मीठ घालून त्यात बोटुकली एक ते दोन मिनिटे बुडवावी. ती कलंडू लागताच तत्काळ बाहेर काढावी. शक्य असल्यास बारीक जाळीचा हापा तळ्यात बांधून बीज एक दिवस त्यात ठेवावे. मेलेली बोटुकली मोजता येते व जगलेल्यांची खरी संख्या कळते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बीजाची जात, लांबी, संख्या व दिनांक यांची नोंद शेतकऱ्याकडून ठेवून घ्यावी. महिन्याने जाळे टाकल्यावर हीच नोंद ताडून पाहता येते. नवे बीज दिसेनासे झाले असल्यास पुन्हा खरेदी करण्यापूर्वी शिकारी मासा शोधावा.