ओल आहे तोवर

थंड देशांतला शेतकरी शरद ऋतू लागला की पहिल्या हिमदवाच्या धास्तीने कापणी उरकतो. आपल्या गोसीखुर्दच्या परिसरात हिमाचे भय नाही. मग दिवाळीच्या सुमारास बांधीत एवढी घाई कशाची? ती असते ओलीची. पाऊस परतला की चिकण माती आवळत जाते, भेगाळते. भारी धान कापून, नांगरून मग रब्बी पेरू म्हटले तर तोवर ओल निघून गेलेली असते. पाण्याची सोय नसलेल्या कास्तकाराने यावर काढलेली तोड म्हणजे उतेरा.

कापणीला दहा-पंधरा दिवस उरले की बांधीतले पाणी बाहेर काढतात आणि चिखल ओला असतानाच उभ्या धानात लाखोळी फोकतात. नांगर नाही, वखर नाही. दिवस मात्र नेमका साधावा लागतो. पाणी साचून राहिले तर बी कुजते. उशीर झाला तर दाणा कोरड्या मातीवर पडून राहतो आणि पाखरांची मौज होते. विळा लागतो तेव्हा धानाच्या बुडाशी लाखोळी उगवून आलेली असते. म्हणूनच कडपा लवकर उचलून पुंजणे रचायची लगबग! मंडईचे दिवसही नेमके याच धांदलीतले.

थंडीत कोवळे शेंडे खुडून भाजी करतात. खुडल्याने फांद्याही फुटतात. मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक निघते.

एवढ्या गुणी पिकाला बट्टा लागला तो लकव्याचा. तिच्या दाण्यात ओडॅप नावाचे विषारी द्रव्य असते. दुष्काळात महिनोन्‌महिने लाखोळीवरच जगणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडत. १९६१ साली विक्रीवर बंदी आली. पेरणी मात्र चालूच राहिली! नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे झगडले. महाराष्ट्राने २००८ मध्ये ती उठवली. रतन, प्रतीक, महातिवडा या वाणांत हे विष बरेच कमी आहे. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले तरी त्याचा पुष्कळ अंश निघून जातो. पण लाखोळी रोजचे एकमेव अन्न होऊ नये, हे खरेच.

आता प्रश्न वेगळाच उभा आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. कालव्याचे पाणी मिळाले तिथे उन्हाळी धान घेता येतो, उतेऱ्याची गरज उरत नाही. पाणी न मिळालेल्या बांध्यांत हार्वेस्टर शिरले आहे. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र बोलवावे तर त्याच्या चाकांखाली कोवळी लाखोळी चिरडते. विळाच धरावा तर मजुरी परवडत नाही. मग कास्तकार बी फोकतच नाही, आणि धान निघाला की बांधी पुढच्या पावसापर्यंत पडीक राहते.