सिलेन : दोन हातांचा रेणू

काच आणि प्लास्टिक हे भिन्न प्रकृतीचे पदार्थ होत. काच कठीण, असेंद्रिय आणि पाण्याला जवळ करणारी. प्लास्टिक सेंद्रिय आणि बहुधा पाण्याला दूर ठेवणारे. तरीही मासेमारीची नौका, पाण्याची टाकी, पवनचक्कीचे पाते अशा अनेक वस्तू या दोहोंच्या संयोगातून घडतात. व्यवहारात ‘फायबर’ या नावाने परिचित असलेल्या या संमिश्राचा टिकाऊपणा ज्या अल्पशा द्रव्यावर अवलंबून असतो, ते द्रव्य म्हणजे सिलेन. उद्योगक्षेत्रात त्याला ‘कपलिंग एजंट’, म्हणजेच दोन पदार्थांना सांधणारे रसायन, असे म्हणतात.

पाण्यामुळे आलेली अडचण

काचेचे तंतू पॉलिएस्टर रेझीनमध्ये बसवून केलेले संमिश्र १९४० च्या दशकात वापरात आले. कोरड्या स्थितीत ते बळकट असे. मात्र दीर्घकाळ पाण्याच्या सान्निध्यात राहिल्यास त्याचे बळ बरेच घटत असे. काचेच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याचे रेणू ओढून घेतात. पाणी काच व रेझीन यांच्या सांध्यात शिरते आणि दोहोंना विलग करते. तंतू शाबूत, रेझीनही शाबूत. सुटते ती केवळ त्यांची परस्परांवरील पकड.

याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काचतंतूंवर निरनिराळ्या सिलेनांची प्रक्रिया करून पाहण्यात आली. रेझीनशी संयोग पावू शकणारा ॲलिल गट असलेल्या सिलेनामुळे मिळालेले बळ, असा संयोग न पावणाऱ्या एथिल गटाच्या सिलेनाच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळले. रेणूचा दुसरा हातही रेझीनला बांधला गेला पाहिजे, हे त्यातून स्पष्ट झाले.

रचना व कार्य

या रेणूच्या मध्यभागी सिलिकॉनचा अणू असतो. त्याच्या एका बाजूस सामान्यतः तीन अल्कॉक्सी गट असतात, तर दुसऱ्या बाजूस कार्बनच्या आखूड साखळीच्या टोकाशी एक क्रियाशील सेंद्रिय गट असतो. पाण्याशी संयोग होताच अल्कॉक्सी गट अल्कोहोलच्या रूपाने निघून जातात आणि त्यांची जागा हायड्रॉक्सिल गट घेतात. हे गट काचेवरील हायड्रॉक्सिल गटांशी जुळतात. वाळवताना पाणी निघून जाते आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा बंध तयार होतो. पुढे रेझीन घट्ट होत असताना सेंद्रिय गट त्यात गुंफला जातो.

ज्या पाण्यापासून सांध्याचे रक्षण करावयाचे, त्याच्यावाचून ही क्रिया सुरूही होत नाही, हे विशेष. डाऊ कॉर्निंग या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ एडविन प्लूडेमन यांनी असे प्रतिपादन केले की, पाण्यामुळे यातील काही बंध तुटतात, परंतु ते पुन्हा जुळतातही. रेझीनमध्ये गुंतलेला सिलेन काचेपासून दूर जाऊ शकत नसल्याने सांधा टिकून राहतो.

योग्य जोडीची निवड

सर्व रेझीनांना एकच सिलेन चालत नाही. इपॉक्सी रेझीनसाठी अमिनो किंवा इपॉक्सी गटाचे, तर पॉलिएस्टरसाठी मेथॅक्रिलॉक्सी किंवा व्हिनिल गटाचे सिलेन उपयुक्त ठरते. पृष्ठभागाचेही तसेच आहे. काच, सिलिका आणि ॲल्युमिनियम यांवर सिलेन चांगले बसते. खडूची भुकटी किंवा ग्रॅफाइट यांवर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही.

अन्य उपयोग

१९९२ साली मिशेलिन कंपनीने मोटारींच्या टायरमध्ये काजळीऐवजी मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरली. गंधकयुक्त सिलेनाने ती रबराशी बांधली जाते. परिणामी टायर फिरताना वाया जाणारी ऊर्जा घटते, इंधन वाचते आणि ओल्या रस्त्यावरील पकडही कायम राहते. विजेच्या केबलवरील पॉलिथिलीनमध्ये व्हिनिल सिलेन जोडून ती गरम पाण्यात किंवा वाफेत ठेवली असता पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि तापल्यावरही आवरण वितळत नाही. दंतवैद्य दात भरण्यासाठी वापरतात त्या दातांच्या रंगाच्या मिश्रणातही सिलेनप्रक्रिया केलेले काचेचे किंवा सिलिकाचे कण असतात. अमेरिकेतील राफेल बोवेन यांना अशा मिश्रणाचे पेटंट १९६२ मध्ये मिळाले.

वापरातील दक्षता

सिलेन हवेतील दमटपणानेही बिघडते. म्हणून बाटली घट्ट बंद ठेवावी आणि पाण्यात कालवलेले द्रावण फार काळ साठवू नये. मेथॉक्सी प्रकारातून विषारी मेथॅनॉल बाहेर पडत असल्याने काम हवेशीर जागी, हातमोजे व चष्मा वापरूनच करावे. अधिक सिलेन म्हणजे अधिक बळ, हा समजही चुकीचा आहे. जाड थर ठिसूळ होऊन सांधाच दुबळा करतो.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या नौकांचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला. अशी नौका खाऱ्या पाण्यात किती वर्षे टिकेल, यावर मच्छीमार कुटुंबाची उपजीविका अवलंबून असते आणि नौकेसाठी काढलेल्या कर्जाची परतफेडही. काचतंतूंवर सिलेनाचा लेप बहुधा कारखान्यातच दिला जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून फायबरच्या वस्तू तयार करणाऱ्या उद्योजकाने तंतू खरेदी करताना केवळ वजन व दर न पाहता, त्यावरील लेप कोणत्या रेझीनसाठी आहे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. तंतू व रेझीन उत्तम असूनही लेप विजोड निघाला, तर माल पाण्यात उतरल्यानंतरच ही उणीव उघडकीस येते.