साताऱ्याच्या राजवाड्यातली शाळा



आपल्यापैकी बहुतेकांचे साताऱ्याला जाणे-येणे कामापुरतेच असते. कुणाची कोर्टात तारीख, कुणाचे जिल्हा बँकेत काम, कुणाचा पाहुणा सिव्हिल हॉस्पिटलात. राजवाड्यापाशी उतरायचे, काम उरकायचे आणि पुन्हा गाडी धरायची. राजवाडा बघायला कुणाला सवड असते? पण या राजवाड्याशी एका हायस्कुलाचे नाव जोडलेले आहे आणि त्या हायस्कुलाची हकीकत आपल्या अंकात एकदा यावी असे बरेच दिवस मनात होते. शाळेचे आजचे नाव छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. पूर्वी तिला सातारा गव्हर्नमेंट हायस्कूल म्हणत.

आधी नावाविषयी थोडे. प्रतापसिंह महाराज हे साताऱ्याचे छत्रपती. १८०८ साली ते गादीवर आले, पण सत्ता पेशव्यांच्या हाती होती आणि छत्रपती नावाला. १८१८ साली आष्टीच्या लढाईनंतर पेशवाई बुडाली. इंग्रजांनी महाराजांना साताऱ्याचे राज्य तोडून दिले आणि कारभार बघायला ग्रँट डफ नावाचा साहेब बसवला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच. महाराजांना स्वतः लिहिण्यावाचण्याची गोडी होती, मुलांना शिक्षण मिळावे याची कळकळ होती. साताऱ्याचा राजवाडा त्यांच्याच काळातला. परंतु इंग्रजांचे आणि त्यांचे पटले नाही. १८३९ साली कटाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केले आणि काशीला नेऊन ठेवले. तिथेच १८४७ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेत वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले, पण न्याय मिळाला नाही. महाराजांमागे गादीवर आलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ साली वारले. औरस वारस नाही म्हणून डलहौसीने राज्यच खालसा केले. राजा गेला, पण वाडा उभा राहिला. पुढे त्या राजवाड्यात रयतेची पोरे शिकायला बसू लागली. काळाची गंमत म्हणा!

'रयतेची पोरे' म्हटले खरे, पण त्या काळी हायस्कुलात रयत किती होती, हा प्रश्नच आहे. इंग्रजी शाळा म्हणजे जिल्ह्याच्या गावी. आपल्यासारख्या खेड्यातल्या कुणब्याच्या पोराने चौथी पास करायची आणि बैलांमागे जायचे, हा रिवाज. शहरात ठेवायचे तर राहायचे कुठे, खायचे काय, फी कुणी भरायची? हायस्कुलाची पायरी चढणारा मुलगा बहुधा वकिलाचा, कारकुनाचा, नोकरदाराचा.

अशा या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरात त्याचे नाव भिवा आहे, नोंद १९१४ क्रमांकावर आहे आणि समोर मुलाची सही आहे. हा भिवा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर, आपल्या घटनेचे शिल्पकार. ते रजिस्टर शाळेने आजही जपून ठेवले आहे.

वडील रामजी हे लष्करात सुभेदार होते. पेन्शनीत निघाल्यावर काही काळ दापोलीस राहून ते साताऱ्यास आले. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगडजवळचे आंबडवे. साताऱ्यातच भीमाबाई, म्हणजे मुलाची आई, १८९६ साली वारल्या. तेव्हा पोर अवघे पाच वर्षांचे. पुढे आत्याने सांभाळले.

इथपर्यंतची हकीकत भाषणांतून आपण ऐकतो. रजिस्टराचे कौतुक होते, टाळ्या पडतात. पण त्या रजिस्टरात न लिहिलेली एक बाब आहे आणि ती सांगितल्याशिवाय या शाळेचा इतिहास पुरा होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाबासाहेबांनी लहानपणच्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पुस्तिका म्हणून छापल्या. त्यात साताऱ्याच्या दिवसांतील शाळेची हकीकत आहे. वर्गात नंबराप्रमाणे इतर मुलांच्या ओळीत त्यांना बसता येत नसे. एका कोपऱ्यात वेगळे बसायचे. बसायला गोणपाटाचा तुकडा, तोही स्वतःचा. शाळा झाडणारा गडीसुद्धा त्या तुकड्याला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी तो घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर इतर पोरांनी मास्तरांना विचारावे आणि नळावर जाऊन प्यावे. या मुलाने नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळायचे. शिपाई जागेवर नसला की तहान तशीच. न्हावी डोक्याला हात लावत नसे, केस घरी बहीण कापायची.

सभासद बंधूंनो, गोणपाट आपल्याला नवीन नाही. खताचे रिकामे पोते कुणाच्या घरात नसते? पण दहा वर्षांचे पोर रोज ते बगलेत मारून शाळेला जाते आणि संध्याकाळी परत घेऊन येते, हे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणून बघा.

त्याच पुस्तिकेत मसूर स्टेशनची हकीकत आहे. साल १९०१. दुष्काळी कामे चालू होती आणि खटाव तालुक्यात तलाव खोदण्याच्या कामावर रामजी रोखपाल होते. सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि भाचे असे निघाले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. आगगाडीत बसायचा आनंद वेगळाच! मसूरला उतरले तर घ्यायला कुणी नाही. पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते, ते द्यायचे शिपाई विसरला होता. पोरांचे कपडे बघून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि जात कळताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान पोरांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी एक जण कबूल झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि अट अशी की गाडी पोरांनी हाकायची, आपण बाजूने चालणार. भाकरतुकडा बरोबर होता, पण प्यायला पाणी मिळेना म्हणून जेवण तसेच राहिले. रात्री टोलनाक्यावर आम्ही मुसलमान आहोत असे सांगून बघितले, तरी पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पोरे उपाशी-तहानलेली पोचली.

ज्या मुलखात तलाव खणले जात होते, त्याच मुलखात ही पोरे पाण्याविना राहिली. पाण्याच्या पाळीवरून बांधाला बांध भांडतो ते आपण रोज बघतो. तहानेची किंमत शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात आंबेडकर आडनावाच्या एका ब्राह्मण मास्तरांचा उल्लेख आहे. या मास्तरांचा मुलावर जीव होता. मधल्या सुट्टीत ते आपल्या जेवणातले त्याला देत. 'आंबडवेकर' हे आडनाव बदलून त्यांनीच आपले आडनाव मुलाच्या नावापुढे लावले, असे कीर लिहितात. आडनावाच्या या गोष्टीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तो वाद इथे नको. पण मास्तरांच्या मायेची आठवण बाबासाहेबांनी शेवटपर्यंत ठेवली. एकाच शाळेत कोपऱ्यातले गोणपाटही होते आणि मास्तरांच्या डब्यातली भाकरीही होती. १९०४ साली हे कुटुंब मुंबईस गेले आणि मुलाचे नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले.

यानंतर वीस वर्षांनी त्याच साताऱ्यात काय घडले ते बघा. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी आपली रयत शिक्षण संस्था साताऱ्यास आणली. संस्था काढली होती ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराडजवळच्या काले गावी. भाऊराव म्हणजे आपल्यातलाच माणूस. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत त्यांनी गावेच्या गावे पालथी घातलेली. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत धरून बसलेल्या शेतकऱ्याला नांगर घ्यायला लावणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. ज्याला ते जमले, त्याला पोरगे शाळेत घालायला लावणेही जमले.

साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्या जातींची पोरे एका छपराखाली राहू लागली, एका पंक्तीला जेवू लागली. पाण्याचे भांडे एकच. आज यात कुणाला विशेष वाटणार नाही, पण ज्या गावात वीस वर्षांपूर्वी नळाला हात लावता येत नव्हता त्या गावातली ही गोष्ट आहे. बोर्डिंगची चूल विझू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी, म्हणजे आपल्या वहिनींनी, अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९२७ साली महात्मा गांधी आले आणि त्यांच्या हस्ते त्या बोर्डिंगचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले.

बोर्डिंग झाले तरी हायस्कुलाची फी होतीच. म्हणून १९४० साली भाऊरावांनी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले. फी नाही, राहण्याची सोय संस्थेची, आणि पोरांनी कष्ट करून शिकायचे. सकाळी शेतावर खोऱ्या-पाटी, मग वर्ग. पुढे १९४७ साली कॉलेजही काढले आणि 'कमवा व शिका' हा शब्द घराघरात गेला. आपल्या सभासदांत साठीच्या पुढचे कितीतरी जण रयतच्या शाळेत शिकलेले आहेत. कित्येक गावांत लोकांनी जागा दिली, श्रमदान केले, ऊसबिलातून टनामागे कपात मान्य केली, तेव्हा कुठे गावाला हायस्कूल मिळाले. भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते.

राजवाड्याच्या हायस्कुलाकडे परत येऊ. ही शाळा आता जिल्हा परिषदेची आहे. राज्य सरकारने २०१७ साली निर्णय काढून ७ नोव्हेंबर हा शाळाप्रवेशाचा दिवस राज्यभर 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळायचे ठरवले. त्या दिवशी शाळाशाळांतून कार्यक्रम होतात, मुलांची भाषणे होतात. चांगली गोष्ट आहे.

आपल्याकडे मात्र ७ नोव्हेंबर म्हणजे हंगामाची धांदल. बॉयलर पेटलेला असतो, मोळी पडलेली असते, आणि बीड, जालना, नगरकडच्या टोळ्या येऊन उतरत असतात. ज्या दिवशी शाळेत विद्यार्थ्यांचा दिवस साजरा होतो, त्याच आठवड्यात टायरगाडीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे घालून कोयते आपल्या शिवारात दाखल होतात. ही पोरे गावाकडची शाळा अर्ध्यावर सोडून आलेली असतात. आपण कोपीपाशी जातो ते ऊस कधी तुटणार हे विचारायला. पोरगी धाकट्याला काखेत घेऊन उभी असते, पोरगा वाढे बांधत असतो. कितवीत आहेस, असे आपण किती जण विचारतो? यांना कुणी गोणपाटावर वेगळे बसवत नाही हे खरे, पण वर्गात त्यांची जागाच नसते.

मागे काही कारखान्यांवर साखरशाळा चालत. पुढे शिक्षण हक्काचा कायदा झाला. कायदा २००९चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत दाखल करून घ्यावे लागते. पण मुकादमाला हे ठाऊक नसते, आईबाप सांगायला धजत नाहीत, आणि मास्तरांना कोपीवर पोरे आली आहेत याची खबरच नसते. खबर असते ती आपल्याला, कारण फड आपला असतो.

तेव्हा या हंगामात सभासदांनी एवढे करावे. आपल्या रानात किंवा जवळच्या माळावर टोळी उतरली की सहा ते चौदा वर्षांची किती मुले आहेत ते बघावे. त्यांची नावे, वय, गावाकडच्या शाळेचे नाव आणि इयत्ता एका कागदावर लिहून गावच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे द्यावी, एक प्रत चिटबॉयकडे गट ऑफिससाठी द्यावी. गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड दिले असेल तर ते बरोबर घ्यावे. शाळा सोडल्याचा दाखला जवळ नाही किंवा जन्मतारखेचा पुरावा नाही, एवढ्यावरून मुलाला परत पाठवता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेले आहे. कुणी अडवलेच तर नम्रपणे तेवढे सांगावे. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यापैकी बरेच जण आहेत, त्यांनी हा विषय हंगामाच्या पहिल्याच बैठकीत घ्यावा. कोपी शाळेपासून लांब असेल तर उसाची गाडी भरून परतताना पोरांना घेऊन येण्यात कुणाचे काही जात नाही. मात्र मुली गळणार नाहीत हे मुद्दाम बघावे, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला बहुधा त्यांनाच मागे ठेवतात. धाकट्यासाठी अंगणवाडी आहे, ताईंना आधी सांगून ठेवावे.