काकांच्या फ्लॅशची रुजुवात

मिरजेतला आमच्या काकांचा स्टुडिओ बंद होऊन पुष्कळ वर्षे लोटल्यावर, त्यांच्या पश्चात माळ्यावरची लोखंडी पेटी उघडण्याचा प्रसंग आला, तेव्हा निगेटिव्हची पाकिटे, तिवईचे सुटे पाय आणि विटलेला एक पडदा यांच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला त्यांचा फ्लॅश माझ्या हाती लागला. सेलांचा कप्पा रिकामा आणि कोरडा ठणठणीत होता; कारण लग्नसराई संपली की सेल काढून, आतल्या पट्ट्या फडक्याने पुसून मगच तो ठेवून द्यायचा, हा काकांचा शिरस्ता होता, आणि ज्या पांढऱ्या-हिरव्या क्षाराने असले शेकडो फ्लॅश अडगळीत कुजून जातात त्याला ह्या एका शिस्तीने वावच मिळाला नव्हता.

तो फ्लॅश तसाच माझ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या माथ्यावर सरकवावा, असा मोह त्या क्षणी झाला हे मी नाकारीत नाही. बूड तेच, खाच तीच, मधला ठिपकाही नेमका जागच्या जागी! परंतु माप जुळले म्हणजे मन जुळले असे यंत्रांच्या बाबतीतही नसते. माझ्या परिचयाच्या एका छायाचित्रकाराने जुन्या बाजारातून आणलेला फ्लॅश असाच बिनदिक्कत चढवला होता. दोन समारंभ निर्वेध पार पडले आणि तिसऱ्या दिवशी त्या कॅमेऱ्याच्या खाचेने कोणताही फ्लॅश पेटवण्याचे कायमचे नाकारले.

ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फ्लॅशच्या पोटात एक मोठा संधारित्र असतो. चार पेन्सिल सेलांच्या सहा व्होल्टांपासून सुमारे ३०० व्होल्टांचा विद्युद्दाब निर्माण करून तो त्याच्यात साठवला जातो, आणि चार्ज होताना जी बारीक शीळ कानी येते ती ह्याच खटाटोपाची. त्याच्या शेजारी एक छोटा संधारित्र असतो. कॅमेऱ्याने इशारत दिली की तो एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून रिता होतो, क्षणभर काही हजार व्होल्टांचा झटका काचेच्या नळीला बसतो, आतला झेनॉन वायू वाहक बनतो आणि मोठ्या संधारित्रातला सारा साठा प्रकाशरूपाने बाहेर पडतो. जुन्या रचनेत ही इशारत म्हणजे त्या छोट्या संधारित्राची दोन टोके कॅमेऱ्याने आपल्या अंगावर घेऊन जोडून देणे. म्हणजे दोनशे-तीनशे व्होल्टांचा दाब खाचेतल्या ठिपक्यावर सदैव उभा. काकांच्या रिळाच्या कॅमेऱ्यात हे काम धातूच्या दोन पात्या करीत, आणि त्यांना असल्या दाबाची तमा नव्हती. डिजिटल कॅमेऱ्यात तेथे तांदळाच्या दाण्याएवढा अर्धसंवाहक बसला आहे, आणि त्याची सोसण्याची सीमा ठरलेली आहे.

ही सीमा सर्वत्र एक नाही, हीच खरी अडचण. १९९२ सालच्या आयएसओ १०३३० ह्या मानकाने कॅमेऱ्याने २४ व्होल्ट सोसावेत असे ठरवले. निकॉन आपल्या पुस्तिकांतून २५० व्होल्टांवरच्या आणि उलट्या दाबाच्या फ्लॅशची मनाई करते. कॅननच्या काही आरंभीच्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठी मात्र जेमतेम सहा व्होल्टांचीच मर्यादा सांगितली जात असे. फ्लॅशच्या नावावरूनही निर्वाळा देता येत नाही. व्हिव्हिटर २८३ हा एकेकाळी जगभर खपलेला फ्लॅश घ्या: जपानात घडलेल्या त्याच्या जुन्या प्रतींवर दोनशेहून अधिक व्होल्ट आढळतात, तर पुढच्या काळातल्या प्रतींवर दहाच्या आसपास. तेव्हा दुसऱ्याच्या हवाल्यावर विसंबण्यापेक्षा आपल्या हातातल्या वस्तूची आपणच रुजुवात घ्यावी.

दीर्घकाळ निजलेल्या फ्लॅशला एकाएकी राबवू नये. नवे सेल घालून मी तो चालू केला; शीळ प्रथम खर्जात घुटमळली, मग हळूहळू चढत गेली, आणि दीड मिनिटाने मागचा केशरी दिवा लागला. एरवी ज्या कामाला दहा सेकंद पुरतात त्याला इतका विलंब लागला, कारण न वापरलेल्या संधारित्राचा आतला थर झिजलेला असतो आणि दाबाखाली ठेवल्यानेच तो पुन्हा जमतो. अर्धा तास त्याला तसाच राहू दिला, मग पाच-सहा वेळा पेटवला. शेवटच्या खेपेस दिवा बारा सेकंदांत लागला. हे सर्व बाहेरून करायचे. फ्लॅशचे कवच उघडण्याच्या फंदात मात्र माहितगारावाचून कोणी पडू नये, कारण सेल काढल्यावरही आतला साठा जीवघेणा धक्का देऊ शकतो.

मग फ्लॅश टेबलावर उताणा ठेवला. मल्टिमीटर डी. सी.च्या ६०० व्होल्टांवर लावला, काळी सळई बुडाच्या कडेच्या धातूला टेकवली आणि तांबडी, मनगट टेबलावर रोवून, मधल्या ठिपक्यावर ठेवली. आकडे ९०, १४०, १८५ असे चढत गेले आणि २३१ वर स्थिरावले. माझ्या कॅमेऱ्याची सीमा २५०. कागदोपत्री मुभा होती. पण मीटर स्वतःही थोडी वीज पितो, त्यामुळे खरा आकडा दिसतो त्याहून वरच असतो. डिजिटल मीटरमध्ये ही तूट थोडी, तर जुन्या स्वस्त काट्याच्या मीटरमध्ये इतकी मोठी की घातक फ्लॅशही निरुपद्रवी भासावा. उरलेल्या अंतराला सुरक्षितता म्हणणे मला प्रामाणिक वाटले नाही, आणि काकांचा फ्लॅश माझ्या कॅमेऱ्यावर कधीही चढणार नाही असे मी नोंदवहीत लिहून ठेवले.

त्याने काम करू नये असा याचा अर्थ नव्हे. वाइन ह्या कंपनीचा सेफ-सिंक हा दाब उतरवणारा जोड मध्ये घातला तर कॅमेऱ्यापर्यंत सहा व्होल्टांहून कमी दाब पोहोचतो. किंवा दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटवणारा स्लेव्ह जोडला तर कॅमेऱ्याचा विजेशी संबंधच उरत नाही. मात्र त्या स्लेव्हची सोसण्याची सीमाही आधी वाचून घ्यावी. परक्या कंपनीचा नवा फ्लॅश असेल तर दाब बहुधा सौम्य असतो. तेथे मधला ठिपका तेवढा सामाईक आणि भोवतालचे ठिपके प्रत्येकाच्या खासगी भाषेचे, म्हणून ते चिकटपट्टीने झाकून फ्लॅश मॅन्युअलवर चालवावा.

मी चारशे व्होल्टांचा स्लेव्ह घेतला आणि आमच्याच गावातल्या एका तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांकडे गेलो. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे आढ्याला टांगलेले होते, आणि खिडकीचा उजेड त्यांच्या पाठीपर्यंत पोहोचत नव्हता. काकांचा फ्लॅश मागच्या फळीवर, भोपळ्यापासून नऊ फुटांवर ठेवला. शंभर ह्या त्याच्या गाइड नंबरला नऊने भागून छिद्र एफ ११ केले. पहिले चित्र काळेच आले. फ्लॅश पेटलेला तर डोळ्यांनी पाहिला होता! मग उमगले की स्लेव्हला इशारत देण्यासाठी कॅमेऱ्यावर चढवलेला माझा नवा फ्लॅश टीटीएल ह्या स्वयंचलित पद्धतीवर असल्याने मापनासाठी आधी एक हलका लकाका टाकीत होता, आणि काकांचा फ्लॅश भोळेपणाने त्यालाच हुकूम समजून शटर उघडण्यापूर्वीच रिता होत होता. नवा फ्लॅश मॅन्युअलवर, अगदी मंद केला. शटर १/१२५ वर ठेवले, कारण सिंकच्या वेगापलीकडे गेल्यास चित्राच्या कडेला काळा पट्टा येतो.

"उजेड मागनं कशाला टाकताय?" कारागिरांनी हातातला पॉलिशचा बोळा न थांबवता विचारले. उत्तर म्हणून मी त्यांना दुसरे चित्र दाखवले: भोपळ्याची गोलाई काळोखातून सोनेरी रेघेने वेगळी उठली होती, आणि तिच्यावर त्यांच्या बोळ्याने ओढलेले अर्धवर्तुळ ओलसर चमकत होते. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि जेथे पॉलिशचा हात सुटला होता त्या जागेवर बोट ठेवले.

"ही बाजू राहिलीय. थांबा जरा, मग काढा."

मी थांबलो. फळीवरचा दिवा केव्हाच लागला होता, पण दिवा लागतो तेव्हा साठा पुरता भरलेला नसतो. "दिवा दिसला की लगेच दाबू नकोस रे, दहा मोज," असे काका प्रत्येक मंडपात मला बजावीत. कारागिरांचा हात भोपळ्याच्या त्या बाजूवरून फिरू लागला, आणि शीळ विरेपर्यंत मी मनात आकडे मोजत राहिलो.