एअरगनची नळी आणि नायलॉनची दोरी

दहा मीटर एअर रायफल या ऑलिंपिक प्रकारात दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अवघा 0.5 मिलिमीटर असतो, तर त्यावर सोडला जाणारा शिशाचा छर्रा 4.5 मिलिमीटर व्यासाचा असतो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने 2022 मध्ये कैरो येथे याच प्रकारात जागतिक विजेतेपद पटकावले. एवढ्या सूक्ष्म नेमात नेमबाजाच्या हाताइतकाच नळीच्या आतील पृष्ठभागाचाही वाटा असतो. नळीत कोरलेल्या सर्पिल खाचा, ज्यांना रायफलिंग म्हणतात, छर्र्याला स्वतःभोवती फिरवतात. या खाचांचा एक फेरा 450 मिलिमीटरमध्ये पूर्ण होत असेल आणि छर्रा सेकंदाला 170 मीटर वेगाने बाहेर पडत असेल, तर तो सेकंदाला सुमारे 378 गिरक्या घेत असतो. त्यातच शिसे मऊ असल्याने त्याचा पातळ थर खाचांत घासून बसतो आणि त्यात वंगणाचा चिकटपणा व धूळ मिसळते.

दारूवर चालणाऱ्या बंदुकीप्रमाणे येथे जळका अवशेष राहत नाही, त्यामुळे तांब्या-पितळेचा ब्रश किंवा उग्र द्रावण सहसा लागत नाही. दोरीने ओढलेली कापडाची चिंदी पुरते. एनसीसीच्या छात्रांना ही पद्धत पुलथ्रू या नावाने परिचित आहे. घरच्या घरी हे अवजार बनवण्यास गवत कापणाऱ्या यंत्रात वापरतात ती 2 मिलिमीटर जाडीची गोल, गुळगुळीत नायलॉन दोरी उत्तम ठरते. नळीपेक्षा किमान वीतभर लांब तुकडा कापून त्याचे एक टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरले, की नायलॉन वितळून टोकाशी गोळा होते. ते लगेच धातूच्या सपाट पट्टीवर दाबले असता चपटी टोपी तयार होते. वितळलेले नायलॉन त्वचेला चिकटून खोल भाजते, म्हणून हे काम मोकळ्या हवेत आणि थेंब हातावर पडणार नाही अशा बेताने करावे. टोपीचा व्यास 3 ते 3.5 मिलिमीटर ठेवून तिच्या कडा बारीक पॉलिश पेपरने गोल कराव्यात. दुसरे टोक तिरके कापले, की चिंदीच्या मध्यभागी पाडलेल्या छिद्रातून ते सहज ओवता येते.

चिंदी केवढी असावी, हे साध्या भूमितीने काढता येते. 4.5 मिलिमीटरच्या नळीत 2 मिलिमीटरची दोरी असताना भोवती उरणाऱ्या कड्याचे क्षेत्रफळ सुमारे 12.8 चौरस मिलिमीटर भरते. 0.2 मिलिमीटर जाडीच्या सुती कापडाची 20 मिलिमीटर व्यासाची गोल चिंदी दोरीभोवती शंकूसारखी मिटली, की तिच्या कडेशी कापडाचे क्षेत्रफळ साधारण 12.6 चौरस मिलिमीटर होते, म्हणजे जागा जवळजवळ भरते. व्यास 25 मिलिमीटर केला तर हाच आकडा 15.7 वर जातो आणि चिंदी घट्ट बसू लागते. म्हणून लहान चिंदीपासून सुरुवात करावी. हाताला हलका, एकसारखा विरोध जाणवणे हेच योग्य माप होय.

नळी रिकामी असल्याची खात्री करून दोरीचे तिरके टोक मागून, म्हणजे छर्रा भरण्याच्या बाजूने, आत सोडावे आणि पुढून सरळ ओढावे. नळीच्या पुढच्या तोंडाची कडा, जिला क्राउन म्हणतात, हा नळीचा सर्वांत नाजूक भाग असतो. छर्रा बाहेर पडताना त्याच्यामागची हवा सर्व बाजूंनी एकाच क्षणी सुटली पाहिजे, अन्यथा ती त्याच्या शेपटीला एका अंगाने धक्का देते. तिरकी ओढलेली दोरी या कडेवर घासत राहते.

मऊ नायलॉन पोलादाला काय करणार, असे येथे वाटू शकते, परंतु यंत्रशाळेत लॅपिंग नावाच्या प्रक्रियेत शिसे किंवा तांब्यासारख्या मऊ धातूत कठीण कण रुतवून त्याच्या साहाय्याने पोलाद घासले जाते. मऊ पदार्थ कणाला धरून ठेवतो आणि कापण्याचे काम कण करतो. धुळीतील क्वार्ट्झ मोह्सच्या काठिण्यमापनात 7 वर असते आणि सामान्य नळीच्या पोलादाहून कठीण असते. जमिनीवर लोळलेली दोरी त्यामुळे पाहता पाहता कानस बनते. म्हणून प्रत्येक वेळी दोरी पुसणे, वापरलेली चिंदी पुन्हा न ओढणे आणि दोरी बंद डबीत ठेवणे हे अवजार बनवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

स्प्रिंगच्या एअरगनमध्ये खनिज तेलाचे थेंब नळीत सोडणे धोक्याचे असते, कारण दट्ट्या हवा क्षणात दाबतो. 27 अंश सेल्सिअसच्या हवेचे घनफळ उष्णता बाहेर जाऊ न देता एकदशांश केले, तर गणिताने तिचे तापमान सुमारे 480 अंशांवर जाते आणि तेल पेट घेऊ शकते. त्यामुळे बहुधा कोरड्या चिंद्याच पुरे होतात. त्यांवर आलेला काळा थर शिशाचा असल्याने त्या पिशवीत बांधून टाकाव्यात आणि हात साबणाने धुवावेत. छर्र्यांचा पुंजका पसरू लागला, तरच सफाई करावी; स्वच्छ नळीत शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत पहिले काही छर्रे भरकटतात, तेव्हा ते गुणांसाठी न मोजता सरावातच सोडावेत.